छाट काढतो तोच मालक

मागच्या अंकात घरबसल्या मजुरी करणाऱ्या बायकांना मी लिहायला सांगितलं होतं. पत्रं आली. काही वहीच्या फाडलेल्या पानावर, काही मुलीच्या मोबाइलवर बोलून पाठवलेली. नावं छापायची नाहीत, असं जवळजवळ सगळ्यांनी कळवलंय. भीती काम जाण्याची आहे, म्हणून मीही कुणाचं नाव छापत नाही आणि कुठल्या कारखान्याचंही नाही. सोलापूरच्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्याचं उत्तर बाकीच्या पत्रांनाही लागू पडतं.

प्रश्न : ताई, माझी आई ३६ वर्षं बिड्या वळते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडील यंत्रमागावर होते, ते वारले. आता आईचं वय ५८. मनगट सुजतं, रात्री बोटं आखडतात, डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. कारखान्यात पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं विचारायला गेलो, तर मुनीम म्हणाले, “ग्रॅच्युइटी कारखान्यात येऊन काम करणाऱ्यांना. तुम्ही घरी बसून सवडीनं वळता. तुम्ही आमच्या कामगार कशा?” पीएफचा अर्ज भरला तर तोही परत आला. कार्डावर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आणखी एक. गेली काही वर्षं हजारामागे साठ-सत्तर बिड्या नापास म्हणून छाट जातात. आई म्हणते, जाऊ दे, पूर्वीपासून असंच आहे. खरंच आमचा काही हक्क नाही का?

उत्तर : पोरी, हक्क आहे. आधी तेवढं आईला सांग आणि मग पुढचं वाच.

मीही पूर्व भागातलीच. माझी अम्मा बिड्या वळायची. रात्री तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायला बसायची आणि मग दिवसभर मांडीवर सूप. आम्ही भावंडं शाळेतून आलो की दोरा बांधायला बसायचो. बिडीचं तोंड मुडपायला अम्मानं अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. त्या नखाच्या कडा तंबाखूनं तपकिरी झाल्या होत्या आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या. मी बावीस वर्षांची होईपर्यंत त्याच सुपावर वळलं. नंतर वकिली शिकले, कामगार संघटनेत आले, पण माझ्या कायद्याची सुरुवात कारखान्याच्या रांगेत झाली.

त्या रांगेतला एक दिवस सांगते. मी चौदा वर्षांची असेन. अम्माला ताप होता म्हणून तिच्या हजार बिड्या घेऊन मी गेले. बिड्या तपासणाऱ्या चेकरसमोर टोपली ठेवली. त्यानं पंचवीसचे तीन कट्टे उचलले. एकेक बिडी चिमटीत दाबून पाहायची तसदी घेतली नाही, कट्टा हातावर आपटला आणि म्हणाला, “तोंड ढिलं आहे.” तिन्ही कट्टे शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. पंच्याहत्तर बिड्या. त्या बिड्या परत मिळत नाहीत आणि त्यांची मजुरीही मिळत नाही. पान त्यांनी दिलेलं, तंबाखू त्यांचा, पण हजाराचं पान मोजून घेतलं तर त्यात आठशे-साडेआठशे बिड्यांचंच कामाचं निघायचं. कुजकं, फाटकं, भोकं पडलेलं आमच्याच वाट्याला. कमी पडलेलं पान बाजारातून आमच्या पैशानं आणायचं. म्हणजे त्या पंच्याहत्तरांत आमचंही विकत घेतलेलं पान होतं. मी घरी येऊन सांगितलं. अम्मा अंगात ताप घेऊन उठली आणि सूप मांडीवर ओढलं.

तो पत्र्याचा डबा मी विसरले नाही. पुढे कायदा शिकताना तोच डबा मला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात पुन्हा भेटला.

गोष्ट १९८५ ची. बिडीच्या मालकांचं म्हणणं अगदी तुझ्या मुनिमासारखंच होतं. बायका घरी बसून वळतात, केव्हा वळतात, कशा वळतात यावर आमची नजर नाही, मधे ठेकेदार आहे, मग या आमच्या कामगार कशा आणि यांचा पीएफ आम्ही का भरायचा? न्यायालयानं ते मानलं नाही. पान-तंबाखू मालकाच्या धंद्यातून येतं, वळलेली बिडी मालकाच्याच धंद्यात जाते, आणि मुख्य म्हणजे वळून आणलेली बिडी तपासून नापास करण्याचा अधिकार मालकाकडे आहे. हा नापास करण्याचा अधिकार म्हणजेच कामावरचं नियंत्रण, असं न्यायालयानं म्हटलं. डोक्यावर उभं राहून बघायलाच पाहिजे असं नाही. म्हणून घरी वळणारी बाईही त्या आस्थापनेची कामगार, आणि तिला पीएफ लागू.

छाट काढतो तोच मालक. जी गोष्ट आपल्याला रोज लुटते तीच आपला पुरावा आहे. आईला हे असंच सांग, तिला कुठल्याही वकिलापेक्षा लवकर कळेल.

आता ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना मालकानं द्यायची रक्कम. पाच वर्षं सलग नोकरी झाली की वर्षाला १५ दिवसांची मजुरी हे सूत्र १९७२ च्या कायद्यात होतं, आता तेच नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. नगावर मजुरी घेणाऱ्यांचा हिशोबही त्यातच सांगितलाय: काम सोडण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या मजुरीची रोजची सरासरी काढायची. समजा आईची सरासरी रोजाला २०० रुपये पडली, तर १५ दिवसांचे ३,०००, आणि ३६ वर्षांचे १,०८,०००. ही माझी कल्पित रक्कम आहे, तुमची सरासरी लॉगबुकावरून, म्हणजे दिलेल्या बिड्यांची नोंद असते त्या वहीवरून काढ. घरी बसणारीला नाही, कारखान्यात येणारीलाच आहे, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मुनीम वाद घालतील तो “सलग नोकरी”वर. म्हणतील, मधे मधे महिनाभर पान नेलं नाही. तिथे लक्षात ठेव, वर्षात २४० दिवस काम भरलं तरी ते वर्ष सलग धरतात. आणि कारखान्यानं पानच दिलं नाही, काम बंद ठेवलं, तर तो खंड तुझ्या आईनं पाडलेला नाही.

अर्ज आधी कारखान्याला लेखी द्यायचा, पोच घ्यायची. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं. देणं झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम द्यायला हवी, उशीर झाला तर व्याजासह. दाद दिली नाही तर कामगार खात्यातल्या ग्रॅच्युइटीच्या सक्षम अधिकाऱ्यापुढे अर्ज. अर्जाला थोडा उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. तोंडी विचारून परत येऊ नकोस. तोंडी नकाराचा कागद होत नाही.

पीएफचं नाव. हे दुखणं आपल्या तेलुगू बोलणाऱ्या भागात घरोघरी आहे. कार्ड काढलं तेव्हा मुकादमानं ऐकू आलं ते लिहिलं. तेलुगू नाव मराठीत, मराठीतून इंग्रजीत, मग लग्नाचं नाव, आणि जन्मतारीख अंदाजानं १ जून. चाळीस वर्षांनी संगणक म्हणतो ही बाई ती नव्हे. त्याला उपाय संयुक्त घोषणापत्राचा: कामगार आणि मालक दोघांनी मिळून नाव, जन्मतारीख दुरुस्त करायचा अर्ज. मालकाची सही लागते म्हणून तिथे अडवतात. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, जुनं बिडी कामगार ओळखपत्र, शाळेचा दाखला असेल तर तो, हे सगळं जोड. मालक टाळत असेल तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार कर की मालक दुरुस्तीला सहकार्य देत नाही. आणि पैसे काढण्याआधी पेन्शनचं बघ. दहा वर्षं वर्गणी भरलेली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते, किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. थोडी आहे, फार थोडी आहे, आणि ती वाढावी म्हणून आपण भांडतोच आहोत. पण महिन्याच्या औषधाला ती येते. घाईनं सगळं काढून घेऊ नका. मालकानं वर्गणी खरंच भरली का, हेही पासबुकात तपास. बिडी उद्योगाला वर्गणीचा १० टक्क्यांचा दर आहे. मजुरीतून कापले आणि भरलेच नाहीत अशी पासबुकाची पानं मी पाहिली आहेत.

राहिली छाट. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा करणाऱ्यांना ही चोरी माहीत होती. त्यात तीन भांडणं नाव घेऊन लिहिली होती: कच्चा माल देण्यावरून होणारं, बिडी नापास करण्यावरून होणारं, आणि नापास बिडीच्या मजुरीवरून होणारं. ही भांडणं सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं सोडवायची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यात गेला. जुनं नाव गेलं म्हणून जुन्या काळातली देणी गेली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ग्रॅच्युइटीचं पाच वर्षांचं आणि पंधरा दिवसांचं सूत्र नव्या संहितेतही आहे.

तुमच्या गल्लीतल्या दहा जणींनी एक काम करा. महिनाभर प्रत्येकीनं वहीत रोज लिहायचं: किती पान मिळालं, किती बिड्या नेल्या, किती छाट, कारण काय सांगितलं. एकीची तक्रार चेकर हसण्यावारी नेतो, दहा वह्यांत एकच आकडा दिसला की अधिकाऱ्याला विचारावं लागतं. आणि छाट समोर मोडा किंवा परत द्या, एवढी मागणी तिथेच करायची. नापास झालेली बिडी पुढे कुठे जाते, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आई म्हणते पूर्वीपासून असंच आहे. तिला सोलापूरजवळच्या कुंभारीची आठवण दे. आपल्या बायका मोर्च्याला जायच्या, तेव्हाही लोक म्हणायचे, बिडीवाल्यांना कुठली घरं मिळतात. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली ती लढाई झाली आणि गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत कुंभारीला उभी राहिली, २००६ साली किल्ल्या मिळाल्या. त्या वेळी ज्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं त्यांची धावपळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. तीस-तीस वर्षं वळणाऱ्या बायका, आणि वळतात याचा एक कागद नाही. म्हणून कागदाचं इतकं सांगते.

प्रश्न : ताई, मी मुंबईच्या उपनगरात चाळीत राहते. इमिटेशन दागिन्यांचं काम घरी करते, खडे चिकटवायचं. ग्रोसवर पैसे, १४४ नगांचा एक ग्रोस. शेजारच्या गल्लीतली एक बाई माल आणून देते आणि घेऊन जाते. तिनं चार महिन्यांचे पैसे दिलेले नाहीत, म्हणते वरून आले नाहीत. वर कोण आहे ते मला माहीत नाही. तिच्याशी भांडले तर काम जाईल, आणि तीही गरीबच आहे. आम्ही सहा जणी आहोत. आम्ही स्वतःचा बचत गट काढून धंदा करावा का?

उत्तर : ती बाई गरीब आहे हे तुम्ही लिहिलंत, त्यावरून तुमचं मन कळलं. तिच्याशी भांडू नका, तिला आपल्या बाजूला घ्या. बहुतेक वेळा तिचेही पैसे अडकलेले असतात आणि वरचं नाव तिला माहीत असतं. शांतपणे बसून विचारा, माल कुठल्या गाळ्यातून येतो, कोण मोजून घेतं, नापास नग कोण परत पाठवतं. सोलापूरच्या पोरीला सांगितलं तेच तुम्हालाही: तुमचा नग खराब म्हणून जो परत पाठवतो त्याच्यापर्यंत पोचायचं आहे.

तोपर्यंत पुरावा गोळा करा. प्रत्येक लॉटसोबत येणारा नमुन्याचा दागिना असतो, त्याचा फोटो काढा. पिशवीवरची चिठ्ठी, त्यावरचा नंबर, हे फेकू नका. “उद्या माल घेऊन येते, बारा ग्रोस तयार ठेव” असा तिचा मोबाइलवरचा निरोप पुसू नका, तो तुमचा हजेरीपट आहे. वहीत तारीख, किती ग्रोस आले, किती गेले, किती पैसे मिळाले. शक्य तर तिची सही, ती लाजेनं का होईना करते.

वेतनाची नवी संहिता संघटित-असंघटित असा भेद करत नाही. किमान वेतन नगाच्या कामालाही ठरवता येतं. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. तुम्ही काम केलंत एवढं दाखवलंत की “दिले होते” म्हणणाऱ्यानं कागद काढायचा. सहा जणींनी एकत्र अर्ज करा. एकटीनं गेलात तर तुमचंच काम जाईल, सहा जणींचं एकदम काढलं तर त्याचा माल अडतो, विशेषतः सणाच्या आधी.

आणि तुमच्या दराचा एकदा खरा हिशोब मांडा. एक ग्रोस घड्याळ लावून करा. त्यात गोंद कुणाचा, ट्यूबलाइटचं बिल कुणाचं, मुलगी शाळेतून आल्यावर दोन तास हात लावते ते कुणाचे, हे लिहा. माझ्याकडे आलेल्या एका बाईनं असा हिशोब मांडला आणि कागद बघून बराच वेळ गप्प बसली. तिला वाटायचं आपण रोज शंभर कमावतो. वीज आणि गोंद काढल्यावर सत्तर उरत होते, आणि ते दोघींचे होते, तिचे आणि तिच्या मुलीचे.

बचत गटाबद्दल: करा, पण डोळे उघडे ठेवून. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथेही बायका सकाळी पीठ घेतात, घरी लाटतात, दुसऱ्या दिवशी आणून देतात, पापड तपासूनच घेतात. वरून बघितलं तर बिडीसारखंच. फरक एवढाच की तिथे लाटणारी बाई सभासद आहे, नफ्यात वाटेकरी आहे. पण पापडाला गिऱ्हाईक घराघरात होतं. तुम्ही खडे चिकटवता तो दागिन्याच्या कामातला एक टप्पा, सांगाडा दुसरीकडे, पॉलिश तिसरीकडे. त्या साखळीतून एकदम बाहेर पडून पुरा धंदा उभा करायचा तर पुरा दागिना तुमच्या हातून व्हायला हवा. आधी थकलेले पैसे वसूल करा. त्यातून जमलं तर सहा जणी मिळून थेट गाळ्यातून माल उचला, मधली पायरी तेवढी काढा, आणि त्या बाईला सातवी म्हणून घ्या.

प्रश्न : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. आम्ही सिन्नर भागातल्या. घरात बिडीचं काम चालतं. ती म्हणते वासानं मळमळतं. मी तीन बाळंतपणं सुपावर बसूनच काढली. तिला काम बंद करायला सांगावं का?

उत्तर : हो, सांगा. बाई, तुमची तीन बाळंतपणं कशी निघाली हे मला माहीत आहे, माझी अम्माही तशीच उठली आणि तशीच बसली. पण तंबाखू फक्त ओढल्यानंच अंगात जातो असं नाही. हाताळला की कातडीतून जातो, खकाणा श्वासातून जातो. मळमळ, चक्कर, डोकं दुखणं ही त्याचीच खूण असू शकते. तिला अंगणवाडीताईकडे, आरोग्य केंद्रात नोंदवा आणि घरात बिडीचं काम होतं हे तिथे आवर्जून सांगा. डॉक्टर आपणहून विचारत नाहीत.

काम तिच्या खोलीत नको. तंबाखू चाळायचा तो बाहेर, वाऱ्याला. सूप आणि दुधाचं भांडं एका खोलीत नको. पोराला घेण्याआधी हात साबणानं धुवायचे आणि वरची साडी बदलायची, हे बाळ झाल्यावर तुमच्यासाठीही.

तिच्या नावानं कार्ड आहे का? नसेल, सगळ्यांचं काम तुमच्या एकाच कार्डावर जात असेल, तर कागदावर ती कामगारच नाही. हे मोठं नुकसान आहे. १९६६ च्या कायद्यानं प्रसूतीचा लाभ बिडी कामगार बाईला दिला होता, घरी वळणारीलाही. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची रजा मजुरीसह, हे आजचं प्रमाण आहे. मागायला गेलात तर आधी नाही म्हणतील. पण कार्डच नसेल तर मागायची सुरुवातही होत नाही. सासूनं सुनेचं वेगळं कार्ड काढून दिलं, असं तुमच्या गल्लीत एकदा होऊ द्या.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमाग कामगार आहे. बायको घरी रेडिमेड कपड्यांचे धागे तोडते, बटणं लावते. परवा एका सरकारी नोंदणीसाठी माणूस आला. बायको काय करते विचारलं, मी म्हटलं, “काही नाही, घरीच असते.” ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : दादा, तुम्ही पत्र लिहून विचारलंत, हे मला फार बरं वाटलं. चुकलं ते एवढंच की तुम्ही तिचं काम कागदावरून खोडलंत. तुमच्या मागाला खाडा पडतो, त्या आठवड्यात किराणा कुणाच्या पैशानं येतो? ते तुम्हाला माहीत आहे, तिलाही माहीत आहे, फक्त त्या माणसाच्या फॉर्ममध्ये ते गेलं नाही. अशा लाखो घरांतून “काही नाही, घरीच असते” जातं, आणि मग योजना ठरवताना सरकार म्हणतं, घरी काम करणाऱ्या बायका आहेतच किती? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली घरकामगारांसाठी स्वतंत्र करार केला. इथे घरकामगार म्हणजे मालकाचा माल स्वतःच्या घरी तयार करून देणारा. त्या करारावर भारतानं अजून मंजुरीची मोहोर उमटवलेली नाही. मोजलंच जात नाही त्यासाठी कोण घाई करणार.

उपाय तुमच्या हातात आहे. तिचं वय १६ ते ५९ मधे असेल आणि पीएफ नसेल तर ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर तिची नोंद करा. नोंद करताना व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी लिहू नका, शिलाई-गारमेंटचं घरून काम असं लिहा. जनगणनेला माणूस येईल तेव्हा ती घरात असेल तर तिलाच बोलू द्या. नसेल तर तुम्ही सांगा, पण पूर्ण सांगा: रोज किती तास, कुणाचा माल, नगाला किती.

आणि घरी गेल्यावर हे पत्र आणि उत्तर दोन्ही तिला वाचून दाखवा.

प्रश्न : संगमनेरहून लिहिते. माझ्या सासूबाईंचं बिडीचं जुनं लॉगबुक सापडलं. पेटीत होतं, उंदरांनी कडा खाल्ल्या आहेत, पाणी लागून काही पानं चिकटली आहेत. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. आता त्याचा काही उपयोग आहे का, की टाकून देऊ?

उत्तर : टाकू नका. कामगार वारली तरी तिचं देणं वारसाला मिळतं, ग्रॅच्युइटी असो की पीएफ. कामावर असताना गेल्या असतील तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अटही नसते.

चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या, उन्हात ठेवू नका, शाई उडते. मग पातळ पट्टी हळूच आत सारून एकेक पान मोकळं करा. कडा गेल्या तरी चालतं, मधली तारीख, नगांचा आकडा आणि कारखान्याचा शिक्का वाचता आला पाहिजे. पहिलं आणि शेवटचं नोंदीचं पान आधी शोधा, त्यावरून नोकरीची वर्षं निघतात. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, दोन झेरॉक्स करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं असलेलं रेशनकार्ड सोबत ठेवा. कारखान्यात जाताना झेरॉक्सच न्या. ते “मूळ वही ठेवून जा, साहेब बघतील” म्हणतील, तेव्हा वही घरीच आहे असं सांगा आणि अर्जाची पोच घेऊनच उठा.